गॅसिफायरचं थर्मोवेल वारंवार खाल्लं जातंय? महाग ग्रेड मागवण्याआधी हे तपासा

लालबागच्या गॅस कंपनी लेनचं नाव सोडलं, तर मुंबईत कोळशाच्या वायूचं आता काही राहिलेलं नाही. आजचे गॅसिफायर, म्हणजे कोळशापासून वायू बनवणारी यंत्रं, मुख्यतः ओडिशात, अंगुल-तालचेरच्या बाजूला. पण त्यांचं सामान बऱ्याचदा मुंबईतूनच जातं. धातूचा बार (दांडा) गिरगाव-कुंभारवाड्यातल्या व्यापाऱ्याकडून उचलायचा, थर्मोवेल (तापमान मोजणाऱ्या सेन्सरवरची धातूची संरक्षक नळी) तळोज्याला किंवा अंबरनाथला बनवून घ्यायचं आणि निकामी झालं की तुकडा तपासायला पुन्हा इकडेच, आमच्यासारख्या अंधेरीच्या लॅबमध्ये पाठवायचा. सोबत येणारी तक्रार थोड्याफार फरकानं एकच असते: 'कच्च्या वायूच्या लाइनमधलं थर्मोवेल काही महिन्यांत जातं. आधी ३१० होतं. मग ८००एच घातलं, थोडं बरं वाटलं. या वेळी सरळ इन्कोनेल ६०० घातलं, तर ते सगळ्यांत लवकर गेलं. आता ६२५ मागवू का?' (हे आकडे म्हणजे उष्णतेत टिकणाऱ्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूंचे ग्रेड.)

नका मागवू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

केंद्र सरकारनं २०३० पर्यंत १०० दशलक्ष टन कोळशाच्या गॅसिफिकेशनचं लक्ष्य ठेवलंय, जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटींची योजनाही मंजूर झाली. म्हणजे बॉयलर किंवा रिफायनरीत वर्षानुवर्षं काढलेली बरीच माणसं आता गॅसिफायरवर येणार. त्यांचा अनुभव पक्का असतो, पण तो दुसऱ्या वायूतला असतो. घोटाळा बहुधा इथूनच सुरू होतो.

आधी सांगा, तुटलं कुठे?

'थर्मोवेल गेलं' एवढ्यावर काहीच सांगता येत नाही. टोकाला गेलं, मध्यावर गेलं की फ्लॅंजजवळ (लाइनला जोडणाऱ्या चकतीजवळ) नोझलच्या मानेत गेलं, यावर अर्धं निदान ठरतं.

मुळाशी, फ्लॅंजला लागून सपाट तुटलं असेल आणि तुटलेल्या पृष्ठभागावर भरती-ओहोटीच्या खुणांसारख्या कमानी दिसत असतील, तर तो थकव्याचा भंग आहे. प्रवाहानं थर्मोवेल थरथरतंय. धातू बदलून हे थांबत नाही. लांबी कमी करा, जाडी वाढवा, कंपनाचं गणित पुन्हा करून घ्या. इथून पुढचं लिखाण तुमच्यासाठी नाही.

फक्त प्रवाहाच्या तोंडाची बाजू पातळ झाली असेल आणि पाठ जवळजवळ शाबूत असेल, तर राखेची झीज आहे. आपल्या कोळशात राख ३५ ते ४५ टक्के, तिच्यात क्वार्ट्झ भरपूर, आणि सायक्लोननंतरही (वायूतली राख वेगळी करणारं यंत्र) बारीक राख उरतेच. इथे वायूचा हातभार असतो, कारण संरक्षक थर जमला की राख तो खरवडून टाकते. पण मुख्य गुन्हेगार राख. पुढे अर्धगोल ढाल लावा आणि ती झिजली की बदला.

चहूबाजूंनी सारखं खाल्लं असेल, वर जाड, थराथरांची, हातानं सुटणारी करडी-काळी खपली असेल, तर तुम्ही योग्य ठिकाणी आलात. हे सल्फिडेशन, म्हणजे गंधकानं केलेला गरम गंज. तक्रारींमधला मोठा वाटा याचाच.

थर्मोवेलच का जातं, शेजारची ट्यूब का नाही?

हा प्रश्न प्लांटवाले विचारतात आणि तो रास्त आहे. तोच वायू सिनगॅस कूलरच्या (गॅसिफायरचा वायू थंड करणाऱ्या यंत्राच्या) ट्यूबवरूनही जातो, आणि ती ट्यूब तर साध्या क्रोम-मॉली पोलादाची असते. पण तिच्या आत पाणी उकळत असतं. १०० बार दाबाला पाणी ३११ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून बाहेर वायू ७०० अंशांचा असला तरी ट्यूबचा धातू साडेतीनशेच्या आसपास राहतो. थर्मोवेलला असा आधार नाही. त्याचं कामच वायूच्या तापमानाला पोचण्याचं. त्यामुळे त्या लाइनमध्ये धातूचं सगळ्यांत जास्त तापमान थर्मोवेलचं. ट्यूबचं आयुष्य पाहून थर्मोवेलचा ग्रेड ठरवणं, किंवा उलट थर्मोवेल गेलं म्हणून ट्यूबचा ग्रेड बदलायला निघणं, दोन्ही चुकीचं.

६०० नं घात का केला

आता मुख्य मुद्दा. ३१०, ८००एच, ६००, ६२५ ही चढण बाजारभावाची आहे, आणि भाव चढतो तो बहुतांशी निकेलमुळे. ३१० मध्ये निकेल साधारण २० टक्के, ८००एच मध्ये ३२ च्या आसपास, ६०० मध्ये ७२ किंवा जास्त. भट्टीत, मोकळ्या हवेत ही चढण उपयोगी पडते. गॅसिफायरच्या वायूत हीच चढण उतार होते.

कारण असं. उष्णतेत टिकणारा कोणताही मिश्रधातू स्वतःच्या बळावर टिकत नाही, अंगावर उगवलेल्या ऑक्साइडच्या पातळ, घट्ट थरामुळे टिकतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. गॅसिफायरमधून निघालेल्या वायूत मोकळा ऑक्सिजन जवळपास नसतोच. जो असतो तो वाफ आणि हायड्रोजनच्या गुणोत्तरातून ठरतो, आणि ७०० अंशांना त्याचा अंश दाब १० च्या उणे २२ व्या घाताच्या आसपास येतो. वाफ कमी-जास्त झाली की हा आकडा एक-दोन घरं इकडेतिकडे हलतो. इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये निकेलचं ऑक्साइड बनूच शकत नाही, त्याला १० च्या उणे १६ व्या घाताइतका तरी ऑक्सिजन लागतो. लोखंडाचं जेमतेम काठावर. क्रोमियमचं मात्र सहज बनतं, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचं त्याहून सहज. म्हणजे या वायूत राखण करणारे तीनच, आणि निकेल त्यांत नाही.

उरलं गंधक. तो हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात येतो. आपल्या कोळशात गंधक कमी, बहुधा एका टक्क्याच्या आत. म्हणून वायूत हायड्रोजन सल्फाइडही बेताचा. पण राखेचं प्रमाण खाली आणायला पेटकोक (तेल शुद्धीकरणातून उरणारा कोक) मिसळला की गणित पालटतं. तालचेरच्या खत प्रकल्पाची तर आखणीच पेटकोक मिसळण्याची आहे. पेटकोकमध्ये गंधक पाच-सहा टक्के किंवा त्याहून अधिक असू शकतो. मिश्रण वाढलं की वायूतला हायड्रोजन सल्फाइड एका टक्क्याकडे सरकतो, आणि ७०० अंशांना निकेल सल्फाइड बनायला तेवढा पुरून उरतो.

सल्फाइडचे थर ऑक्साइडसारखे घट्ट नसतात. त्यांच्या स्फटिकाच्या जाळीत रिकाम्या जागा खूप, त्यांतून धातूचे अणू भराभर बाहेर येतात, थर जाडच होत जातो. इथवर लोखंड आणि निकेल सारखेच. खरा घात पुढे आहे. निकेल आणि निकेल सल्फाइड यांचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपासच वितळतं. लोखंड आणि लोह सल्फाइडचं ९८८ अंशांना, कोबाल्टचं ८८० च्या जवळ. म्हणजे ७०० अंशांच्या लाइनमध्ये ३१० वर सल्फाइड घन राहतं, वाईट पण हळू. ६०० वर तेच द्रवरूप होतं आणि कणांच्या सीमांमधून आत झिरपतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर धातूचे कण वितळलेल्या जाळ्यात तरंगत असल्यासारखे दिसतात. असं दिसलं की बाकीच्या चाचण्या मी केवळ अहवालासाठी करतो.

इथे एक गोष्ट उलटी वाटते पण खरी आहे. गंधकाचं प्रमाण तेवढंच ठेवून वायू गरम केला तर निकेल सल्फाइड बनणं अवघड होतं, कारण तापमानाबरोबर त्याचं स्थैर्य झपाट्यानं घटतं. म्हणून कमी गंधकाच्या कोळशावर ९०० अंशांच्या जागी निकेल-प्रधान धातू टिकलेला दिसतो आणि पुढच्या, त्या मानानं थंड, ७०० अंशांच्या जागी तोच खाल्ला जातो. 'गरम जागी चाललं, मग थंड जागी चालणारच' हा तर्क इथे फसतो.

पण ३१० मध्ये २५ टक्के क्रोमियम आहे ना?

आहे. आणि कागदावरचं गणितही सांगतं की क्रोमियमचं ऑक्साइड टिकावं. तरी ते फुटतं. सल्फाइड आणि ऑक्साइड यांच्या समतोलाच्या रेषेच्या थोडं वर असून भागत नाही. प्रत्यक्षात थर टिकायला त्या रेषेच्या साधारण हजारपट ऑक्सिजन दाब लागतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. सुरुवातीला ऑक्साइड आणि सल्फाइड दोन्हींचे कोंभ एकदम फुटतात. सल्फाइड वेगानं वाढतं आणि ऑक्साइडला गिळून टाकतं. म्हणून फक्त समतोलाची आकृती पाहून 'आपण सुरक्षित पट्ट्यात आहोत' असं म्हणणाऱ्या अहवालावर मी विसंबत नाही. त्या हजारपटीत बसताय का, एवढंच विचारा.

याच कारणानं वाफेचं प्रमाण महत्त्वाचं. गॅसिफायर कोरडा चालवला, वाफ कमी केली, तर ऑक्सिजन दाब घसरतो आणि काल टिकणारा थर आज टिकत नाही. थर्मोवेल बिघडल्याच्या तारखा, त्या काळातलं पेटकोकचं प्रमाण आणि वाफेचा कल हे तिन्ही एका कागदावर मांडून बघा. मेंटेनन्स आणि ऑपरेशन यांच्यातला बराच वाद त्या कागदावर मिटतो. कधी नव्यानं सुरूही होतो, ते सोडा.

धातू बरोबर, वेल्ड चुकीचं

बार ३१० चा, सर्टिफिकेट चोख, तरी टोक गळालेलं. अशा वेळी आधी वेल्ड पाहा. पाइपला टोपी वेल्ड करून बनवलेल्या थर्मोवेलमध्ये फॅब्रिकेटर हाताशी असलेलं निकेल फिलर (वेल्डमध्ये भरायची तार) वापरतात, बहुधा ८२ नंबरचं, कारण ते कशालाही कशाशीही जोडतं आणि तडा जात नाही. त्यात निकेल ६७ टक्क्यांहून जास्त. म्हणजे ३१० च्या अंगावर तुम्ही ६०० चं कडं घातलं, आणि तेही सगळ्यांत गरम टोकाला. ऑर्डरमध्येच लिहा: अखंड बारमधून ड्रिल केलेलं, टोकाला वेल्ड नको. फ्लॅंजकडचं वेल्ड थंड भागात असतं, तिथे फारसं बिघडत नाही.

गिरगावातून माल घेताना पीएमआय गन (एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र) लावून घ्यायचीच. ३०९ ला ३१० म्हणून खपवणं किंवा चुकून गठ्ठ्यात येणं नवीन नाही, आणि गन ते पकडते. पण गनची मर्यादा लक्षात असू द्या. हातातल्या एक्सआरएफ गनला कार्बन दिसत नाही. त्यामुळे ८०० आणि ८००एच यांतला फरक, जो मुख्यतः कार्बनचाच आहे, तिला कळत नाही. त्यासाठी स्पार्क स्पेक्ट्रोमीटरची चाचणी लागते. व्यापारी म्हणेल, 'साहेब, गन लावली ना, झालं की.' नाही झालं.

लोहचुंबक जवळ ठेवा

३१० आणि ८००एच नवे असताना चुंबकाला चिकटत नाहीत. वापरलेल्या तुकड्याची खपली पूर्ण घासून, उघड्या धातूला चुंबक लावा. चिकटला, तर पृष्ठभागाखालचं क्रोमियम संपलंय किंवा कार्बाइडमध्ये अडकलंय. खपली न काढता लावू नका, तिच्यातली काही सल्फाइडं आणि मॅग्नेटाइट स्वतःच चुंबकीय असतात.

चुंबकावरून आठवलं. काही तुकडे खपलीशिवाय येतात. गोल वाटीसारखे खड्डे, खाली स्वच्छ धातू, आणि खड्ड्यात काजळीसारखी भुकटी जी चुंबकाला चिकटते. हे सल्फिडेशन नाही, मेटल डस्टिंग आहे. ४०० ते ८०० अंशांत, कार्बन मोनॉक्साइडनं भरलेल्या वायूत कार्बन धातूत घुसतो आणि धातूचीच भुकटी करतो. गंमत अशी की हायड्रोजन सल्फाइड त्याला आवर घालतो. म्हणून कच्च्या वायूत हे क्वचित दिसतं आणि गंधक काढून स्वच्छ केलेला वायू पुन्हा तापवला की डोकं वर काढतं. तिथे उपाय वेगळा: ६९० किंवा ६०२सीए सारखा भरपूर क्रोमियमचा निकेल मिश्रधातू. होय, निकेल. गंधक नसेल तिथे निकेलशी माझं वैर नाही. ६०० मात्र इथेही नको, क्रोमियम कमी पडतं.

थांबलेल्या प्लांटमधला गंज

नोझलच्या मानेत, फ्लॅंजपासून थोडं आत खड्डे किंवा बारीक तडे असतील, तर ते काम चालू प्लांटनं केलेलं नाही. मानेतला वायू साचलेला आणि थंड असतो. शटडाउनला तो दवबिंदूखाली जातो, त्यातला हायड्रोजन क्लोराइड आणि अमोनियम क्लोराइड पाण्यात विरघळतात, आणि खड्डे पडतात. तडे असतील तर आणखी एक संशयित. महिनोन्‌महिने ७०० अंशांना राहिलेल्या ३१० च्या कणसीमांवरचं क्रोमियम कार्बाइडमध्ये गेलेलं असतं. सल्फाइडच्या खपलीला ओलावा आणि हवा मिळाली की पॉलिथायोनिक आम्ल बनतं आणि त्या सीमांवरून तडा पळतो. प्लांट सुरू करताना गळती लागते आणि दोष गरम गंजावर जातो.

उपाय दोन. एक, उघडायचं नसेल तर कोरड्या नायट्रोजनखाली ठेवा, ओलावा येऊच देऊ नका. दोन, उघडायचंच असेल तर साधारण २ टक्के सोडा ॲशच्या द्रावणानं भिजवा आणि द्रावण वाळू द्या, नंतर साध्या पाण्यानं धुऊ नका. द्रावण कमी क्लोराइडच्या पाण्यात करा, बोअरच्या नको. याचा दुसरा फायदा असा की लोह सल्फाइडची कोरडी भुकटी हवेत आपोआप पेट घेते, आणि ओली असली की घेत नाही.

मग घालायचं काय?

माझी पसंती क्रमानं सांगतो. पहिली पायरी: अखंड बारचं ३१०, वर ॲल्युमिनायझिंग करून. पृष्ठभागात ॲल्युमिनियम मुरवलं की ॲल्युमिनाचा थर उगवतो, जो या वायूतही टिकतो. खर्च बेताचा. मात्र राख जोरात आदळत असेल तर तो मुरवलेला थर झिजतो, तिथे ढाल हवीच.

दुसरी पायरी: हेन्स एचआर-१६०. यात क्रोमियम २८ टक्के, कोबाल्ट ३० च्या आसपास आणि मुद्दाम घातलेलं पावणेतीन टक्के सिलिकॉन. निकेल यातही ३७ टक्के आहे, मग चालतं कसं? क्रोमियम आणि सिलिकॉन मिळून थर उभा करतात आणि निकेलपर्यंत गंधक पोचू देत नाहीत. भाव ऐकून खरेदी विभागाला घाम फुटतो, आणि माल हजर साठ्यात मिळेलच असं नाही.

कॅन्थल एपीएमसारखे लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियम धातू गंजाच्या हिशेबानं उत्तम. पण ४७५ अंशांच्या आसपास राहिले की ठिसूळ होतात, वेल्डला त्रास देतात, आणि ७०० अंशांना ॲल्युमिना फार हळू उगवतो. म्हणून आधी १००० अंशांच्या वर हवेत भाजून घ्यावे लागतात. मी ते बाहेरच्या म्यानासाठी सुचवतो, दाब पेलणाऱ्या भागासाठी नाही.

आणि एक पर्याय कुणालाच आवडत नाही: थर्मोवेल ही बदलायची वस्तू आहे असं मान्य करा. प्रत्येक नियोजित शटडाउनला काढा, खपली घासून व्हर्नियरनं व्यास मोजा, झीज नोंदवा. आतून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दाबाखाली असताना अवचित भोक पडणं हे बदलीच्या खर्चापेक्षा कितीतरी महाग आहे.

तुकडा पाठवताना

धुऊ नका, तारेच्या ब्रशनं घासू नका, खपली हेच आमचं वाचन. निघालेली भुकटी वेगळ्या डबीत. खपलीत क्लोराइड असेल तर पावसाळ्यात ती हवेतलं पाणी ओढते आणि तपकिरी थेंब धरते. जुलैत भिवंडीच्या गोदामात आठवडाभर पडलेल्या तुकड्यावरचा निम्मा गंज मुंबईचा असतो. म्हणून काढल्या काढल्या, थंड झाल्यावर, सिलिका जेलबरोबर दुहेरी प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करा. व्यासाची मोजणी जोडीच्या दुसऱ्या थर्मोवेलवर करा, पाठवायच्या तुकड्यावर नको. खपलीवर आम्लाचा थेंब टाकून सडक्या अंड्याचा वास येतो का हे बघायचा मोह होतो. ते फ्यूम हूडमध्येच करायचं काम आहे, आमच्यावर सोडा. हायड्रोजन सल्फाइड नाकाला लवकरच बधिर करतो आणि मग वास थांबला म्हणून धोका टळला असं वाटतं.

सोबत चार गोष्टी लिहून द्या: त्या जागेचं खरं तापमान, वायूचं विश्लेषण वाफेसकट, पेटकोकचं प्रमाण कधी किती होतं, आणि मधल्या काळात किती वेळा थांबलात. थर्मोवेल बाहेर काढताना प्रवाहाची दिशा त्यावर मार्करनं खूण करून ठेवा, नंतर ती कुणालाच आठवत नाही. पार्सलवर 'आत सल्फाइड, ओलं करू नये' असं ठळक लिहा, मराठीत, हिंदीत आणि ओडियात.